समोरच्याच्या बॅटीवर कोणते रबर आहे? मुंबई १९५२ ते पॅरिस २०२४

विश्रामबागकरीण (धागाकर्ती)

नमस्कार. गेल्या रविवारी मिरजेत झालेल्या एका टेबल टेनिस स्पर्धेत माझी तेरा वर्षांची मुलगी मुलींच्या एकेरीत पहिल्याच फेरीत ०-३ अशी हरली. हरण्याचे वाईट वाटत नाही, ती याआधीही हरली आहे. पण या वेळी ती कशामुळे हरली, हे तिलाही कळले नाही आणि मलाही कळले नाही, म्हणून हा धागा काढत आहे.

समोरच्या मुलीच्या बॅटीला लाल बाजूला नेहमीचे गुळगुळीत रबर होते आणि काळ्या बाजूला लांब दाण्यांचे, ज्याला मुले लाँग पिंपल म्हणतात. माझ्या मुलीचा टॉपस्पिन, म्हणजे चेंडूला पुढच्या दिशेने फिरवणारा फटका, तिच्या वयाच्या मानाने चांगला आहे. तिने मारलेला पहिला फटका ती मुलगी काळ्या बाजूने नुसता अडवायची, चेंडू अगदी सावकाश परत यायचा, आणि हिने पुन्हा तसाच फटका मारला की तो थेट जाळीत जायचा. सावधपणे पुश केला, म्हणजे खालून हलकेच कापत ढकलला, तर चेंडू टेबलाच्या बाहेर जायचा. तिसऱ्या गेममध्ये ४-९ अशी मागे असताना तिने आपलीच बॅट उलटसुलट करून पाहिली, तळहाताने रबर पुसले आणि माझ्याकडे पाहिले. दोष आपल्याच बॅटीत आहे, असे तिला वाटत होते. तो चेहरा माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही.

परतताना बसमध्ये दुसऱ्या एका मुलाचे वडील म्हणाले, "ही सरळ फसवणूक आहे, असली रबरे बंदच करायला हवीत." मलाही त्या क्षणी ते पटले. पण घरी आल्यावर आठवले, की २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये मनिका बत्राने फ्रान्सच्या प्रितिका पावडेला ४-० असे हरवून एकेरीत शेवटच्या सोळा खेळाडूंत जागा मिळवली, तेव्हा आम्ही दोघींनी घरात आरडाओरडा केला होता. ऑलिंपिकच्या एकेरीत तिथपर्यंत पोहोचलेली ती पहिली भारतीय. मनिकाच्या बॅकहँडलाही लांब दाण्यांचे रबर आहे. मग तिथे टाळ्या आणि इथे तक्रार, हे मला स्वतःलाच नीट वाटत नाही. जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावे.

नियमपुस्तक

ताई, मी बरीच वर्षे जिल्हा पातळीवर पंचाचे काम केले आहे, त्यामुळे आधी नियमाचे सांगतो. लांब दाण्यांचे रबर पूर्णपणे नियमात बसते, फक्त ते आंतरराष्ट्रीय महासंघाच्या मान्यताप्राप्त यादीत असले पाहिजे. दाण्यांच्या रबराखाली स्पंज नसेल, तर गोंद धरून जाडी २ मिलिमीटरपेक्षा जास्त असता कामा नये. स्पंज असेल, तर सगळे मिळून ४ मिलिमीटर. बॅटीचा आकार, वजन आणि माप यांवर मात्र बंधन नाही. लाकडी पान सपाट आणि ताठ हवे आणि त्याच्या जाडीत किमान ८५ टक्के नैसर्गिक लाकूड हवे, एवढेच.

पण तुमच्या मुलीचा एक हक्क त्या दिवशी बुडाला, आणि मला खरी हळहळ त्याची वाटते. सामना सुरू होण्यापूर्वी प्रत्येक खेळाडूने आपली बॅट प्रतिस्पर्ध्याला आणि पंचांना दाखवली पाहिजे आणि ती तपासू दिली पाहिजे, असा नियमच आहे. सामन्यात बॅट बदलावी लागली, तर बदललेली बॅटही दाखवावी लागते. मोठ्या स्पर्धांच्या प्रक्षेपणात आपण पाहतो, की सरावाचे चेंडू मारण्याआधी दोघे खेळाडू बॅटींची अदलाबदल करून दोन्ही बाजू निरखतात. आपल्याकडे अनेकदा आधीच्या सामन्यात हरलेले पोरच पंचाच्या खुर्चीवर बसवलेले असते, त्याला हे ठाऊक नसते, आणि खेळणारी मुले मागायला लाजतात. पुढच्या वेळी तिने "बॅट बघू दे" असे स्पष्ट म्हणावे. त्यात उद्धटपणा काहीच नाही.

कृष्णाकाठ

या विषयावर माझ्याकडे सांगण्यासारखे बरेच आहे, कारण आमच्या घरात ही चर्चा माझ्या जन्माआधीपासून चालू आहे.

१९५२ च्या फेब्रुवारीत जागतिक अजिंक्यपद स्पर्धा मुंबईत झाली. आशियात भरलेली ती पहिली जागतिक स्पर्धा. माझे वडील तेव्हा विशीत होते आणि गावभागातल्या एका वाड्याच्या माडीवर मित्रांबरोबर टेबल टेनिस खेळायचे. ते आणि त्यांचा एक मित्र मिरजेहून मीटरगेजच्या गाडीने पुण्याला आणि तिथे गाडी बदलून मुंबईला गेले, ते केवळ ही स्पर्धा बघण्यासाठी. त्या काळी सगळ्यांच्या बॅटींवर आखूड दाण्यांचे साधे रबर असायचे, खाली स्पंज नसे. चेंडू बॅटीवर बसला की टक् असा खणखणीत आवाज यायचा. फटका जोरात मारला की हळू, कापला की सरळ मारला, हे खेळाडू डोळ्यांइतकेच कानांनीही ओळखत असत.

त्या स्पर्धेत जपानचा संघ जागतिक स्पर्धेसाठी पहिल्यांदाच उतरला होता आणि त्यात हिरोजी सातो नावाचा चष्मा लावणारा एक खेळाडू होता. त्याच्या बॅटीवर जाड स्पंज होता. वडील सांगायचे, की सातोच्या टेबलाशी बसले की एकाच बाजूचा आवाज ऐकू यायचा. समोरच्याचा टक्, मग काहीच नाही, पुन्हा समोरच्याचा टक्, पुन्हा काहीच नाही. हे सांगताना ते बोटाने पाटावर एक टिचकी मारायचे आणि दुसऱ्या टिचकीच्या जागी हात नुसता हवेत थांबवायचे. समोरच्या खेळाडूचा सगळा ताल त्या हवेत थांबलेल्या हाताने बिघडवला होता, असे त्यांचे म्हणणे. स्पंजवरून चेंडू निघायचाही वेगळ्याच वेगाने, त्यामुळे कानांनी काही सांगितले नाही आणि डोळ्यांनी चुकीचे सांगितले, अशी गत होत असे.

सातोने अंतिम सामन्यात हंगेरीच्या योझेफ कोत्सियानला हरवून एकेरीचे विजेतेपद मिळवले. जपानने त्या पहिल्याच खेपेला पुरुष दुहेरी, महिला दुहेरी आणि महिलांचे सांघिक विजेतेपदही नेले. महिला एकेरी मात्र रुमानियाच्या अँजेलिका रोझेआनूने जिंकली आणि ती साधे रबर घेऊनच. १९५० पासून १९५५ पर्यंत सलग सहा वर्षे तिने ते विजेतेपद सोडले नाही, ही गोष्ट सातोच्या गोष्टीपुढे कायम झाकली जाते म्हणून मुद्दाम लिहितो.

आता तुमच्या बसमधल्या गृहस्थांच्या शब्दाकडे येतो. "फसवणूक" हा शब्द तेव्हाही उच्चारला गेला. पण सातोने नियम मोडला नव्हता, कारण मोडण्यासारखा नियमच नव्हता. बॅटीवर काय लावावे यावर तेव्हा बंधन नव्हते. आणि सातो पुन्हा कधी जगज्जेता झाला नाही. त्या बॅटीचे नवल ओसरले, इतरांनी स्पंज हातात घेतला आणि दोनच वर्षांनी लंडनला इचिरो ओगिमुरा हा जपानचाच दुसरा खेळाडू स्पंजच्या बॅटीने जिंकला, तो मात्र नवलाईवर नव्हे. त्याचे पायांचे काम आणि फोरहँड यांच्या जोरावर त्याने १९५६ मध्ये पुन्हा जग जिंकले. नवलाई एक स्पर्धा जिंकून देते. दुसरी जिंकायला खेळ लागतो.

पायावर_भर

कृष्णाकाठ काका, वडिलांची आठवण फार सुंदर सांगितलीत, पण माझा मतभेद नोंदवतो. आपण जी गोष्ट सांगितलीत, तिचा शेवट अर्धाच सांगितलात. १९५९ मध्ये महासंघाने वर रबर नसलेला, नुसताच स्पंज बंद केला. म्हणजे "नवे आले, सगळे शिकले आणि पुढे गेले" इतके ते सरळ नव्हते, मधे बंदीही आलीच. पुढे १९९९ मध्ये दाण्यांच्या उंचीवर मर्यादा आणली, २००८ मध्ये अजिबात पकड नसलेले दाणे बाद केले आणि त्याच वर्षी बीजिंग ऑलिंपिकनंतर रबर उसळते करणारा द्रावकयुक्त गोंदही बंद केला. गोंदाच्या बाबतीत खेळाडूंच्या आरोग्याचे कारण होते, ते वेगळे. पण मुद्दा असा, की खेळाने वेळोवेळी "हे चालणार नाही" असे म्हटलेले आहे, आणि ते म्हणण्यात काही गैर नव्हते.

मी सांगलीत लहान मुलांना शिकवतो. माझा अनुभव असा आहे, की नऊ-दहा वर्षांच्या मुलाच्या हातात पालक लांब दाण्यांची बॅट देतात, कारण त्या वयोगटात कुणालाच ती खेळता येत नाही आणि करंडक पटकन मिळतो. ते मूल चेंडू फक्त अडवायला शिकते. पाय हलत नाहीत, फोरहँड तयार होत नाही आणि पंधराव्या वर्षी, समोरचे सगळे ती बॅट ओळखू लागल्यावर, ते मूल खेळ सोडून देते. अशी तीन मुले मी स्वतः पाहिली आहेत. तेरा वर्षांखालील गटात तरी ही रबरे नकोत, असे माझे प्रामाणिक मत आहे. हरलेल्या मुलीसाठी मी हे म्हणत नाही. मला काळजी जिंकलेल्या मुलीची वाटते.

कृष्णाकाठ

आपला मुद्दा मान्य. १९५९ चे मी लिहायला हवे होते. फक्त एवढे जोडतो, की १९५९ ला स्पंज हद्दपार झाला नाही. वर रबर आणि खाली स्पंज, मिळून ४ मिलिमीटर, या रूपात तो राहिला आणि आजची प्रत्येक बॅट त्याच तडजोडीतून आलेली आहे. आपल्या विद्यार्थ्यांच्या हातातलीही.

भौतिकशास्त्र_शिकवते

मूळ प्रश्नात "कशामुळे" हा शब्द होता आणि त्याचे उत्तर अजून कुणी दिलेले नाही, म्हणून लिहिते. हे उत्तर मुलीला समजले, तर तिची निम्मी भीती जाईल.

लहानपणी आपण काठीने चाक पळवत असू, ते आठवा. चाक पुढे जाताना त्याचा वरचा भाग पुढच्या दिशेने फिरत असतो. टॉपस्पिन म्हणजे नेमके हेच. आता कल्पना करा, की ते चाक तसेच फिरत असताना कुणी त्याला उचलून उलट्या दिशेने नेले. फिरणे तेच राहिले, प्रवासाची दिशा उलटली. आता जाण्याच्या दिशेच्या मानाने वरचा भाग मागे फिरतो आहे, म्हणजे तीच फिरकी बॅकस्पिन झाली.

गुळगुळीत रबर चेंडूला धरते आणि आलेली फिरकी मोडते किंवा बदलते. लांब दाणे वाकतात, चेंडू त्यांच्यावरून घसरतो, त्यामुळे आलेली फिरकी बरीचशी तशीच राहते. तुमच्या मुलीने टॉपस्पिन मारला, समोरचीने नुसती बॅट धरली, आणि परत आला तो बॅकस्पिन. समोरच्या हाताची हालचाल तर साध्या ब्लॉकची होती, म्हणून हिने बॅट वरच्या बाजूला कलवून उघडली नाही आणि चेंडू जाळीत गेला. पुश केला तेव्हा उलटे घडले. हिने दिलेला बॅकस्पिन परत टॉपस्पिन होऊन आला आणि हिचा पुढचा पुश उंच उडून बाहेर गेला. थोडक्यात, त्या काळ्या बाजूने येणारी फिरकी समोरच्या मुलीची नव्हतीच. ती तुमच्या मुलीचीच फिरकी होती, एक फटका उशिरा परत आलेली.

म्हणून तिला एकच सवय लावा: चेंडू काळ्या बाजूला लागला की समोरच्या हाताकडे न पाहता स्वतःचा आधीचा फटका आठवायचा. आणि चेंडूवरच्या छापाकडे लक्ष द्यायचे. छाप वाचता येण्याइतका स्पष्ट दिसला, तर फिरकी जवळपास नाही. तो धूसर वर्तुळ होऊन दिसला, तर आहे.

नियमपुस्तक

फारच उत्तम समजावलेत. यालाच जोडून एक सांगतो, कारण "काळी बाजू" आणि "लाल बाजू" हे शब्द आपण इतक्या सहज वापरतो, की ते कुठून आले हे विसरतो. पूर्वी दोन्ही बाजूंना एकाच रंगाची, पण वेगळ्या जातीची रबरे लावता येत असत. चीनच्या खेळाडूंनी त्यात कमालीचे प्रावीण्य मिळवले होते. रॅली चालू असतानाच बॅट हातात फिरवायची आणि कोणत्या बाजूने मारले हे समोरच्याला कळू द्यायचे नाही. आता समोरच्याला उरायचा फक्त आवाज, कारण दोन रबरांचा आवाज वेगळा. मग सर्व्हिस करताना जोरात पाय आपटून तो आवाजही झाकायला सुरुवात झाली. कृष्णाकाठ काकांच्या वडिलांनी मुंबईत जे पाहिले, त्याचीच ही पुढची पायरी.

त्यावर १९८० च्या दशकात उपाय झाला तो असा, की एक बाजू काळी आणि दुसरी लाल. रबर बंद झाले नाही, ते कोणत्या बाजूला आहे हे समोरच्याला दिसलेच पाहिजे, असे ठरले. २०२१ पासून लालऐवजी निळा, हिरवा, गुलाबी किंवा जांभळा रंगही चालतो, पण काळी बाजू कायम आहे. २००२ मध्ये सर्व्हिस करताना चेंडू अंगाआड लपवणे बंद केले, तेही याच विचाराने. माझ्या मते न्याय याच दिशेने आहे: वेगळी बॅट आणायची मुभा खेळाडूला, आणि ती बघण्याचा हक्क प्रतिस्पर्ध्याला. पायावर_भर यांची काळजी खरी आहे, पण तिचे उत्तर प्रशिक्षकाच्या हातात आहे, नियमात नाही.

पायावर_भर

या शेवटच्या वाक्याशी मी सहमत नाही. करंडक पालकांना दिसतो आणि प्रशिक्षकाचे ऐकले जात नाही, ही वस्तुस्थिती आहे. पण रंगांचा मुद्दा पटला.

सहा_कोपरे

पॅरिसचा उल्लेख आलाच आहे, तर पुरुष एकेरीबद्दल लिहितो, कारण तिथेही सगळी कथा बॅटीभोवती फिरली.

३० जुलै २०२४ ला चीनच्या वांग छुछिनने सुन यिंगशाबरोबर मिश्र दुहेरीचे सुवर्णपदक जिंकले. जल्लोष चालू असताना छायाचित्रकारांच्या गर्दीत कुणाचा तरी पाय त्याच्या बॅटीवर पडला आणि ती मोडली. तो तेव्हा जगात पहिल्या क्रमांकावर होता. दुसऱ्याच दिवशी एकेरीत राखीव बॅट घेऊन तो उतरला आणि स्वीडनच्या ट्रुल्स मोरेगार्डने त्याला ४-२ असे हरवले. वांगने स्वतः पराभवाचे खापर बॅटीवर फोडले नाही, हे आवर्जून सांगायला हवे. मात्र ज्यांनी स्वतःच्या बॅटीने वर्षानुवर्षे खेळले आहे, त्यांना ठाऊक असते, की त्याच कंपनीचे तेच पान आणि तेच रबर घेतले, तरी दुसरी बॅट हातात वेगळीच बसते.

मोरेगार्डची बॅट मात्र सगळ्यांनी पाहिली असेल: गोल नव्हे, सहा कोपऱ्यांची. वर सांगितल्याप्रमाणे आकारावर बंधन नाही, म्हणून ती चालते. जागतिक क्रमवारीत सव्विसावा असलेला हा खेळाडू अंतिम फेरीपर्यंत गेला आणि वाल्डनरच्या २००० मधल्या रौप्यपदकानंतर स्वीडनला एकेरीत पहिले ऑलिंपिक पदक मिळाले. अंतिम सामन्यात चीनच्या फान चंदोंगने त्याला ४-१ असे हरवले. तोच फान उपांत्यपूर्व फेरीत जपानच्या हारिमोतोविरुद्ध ०-२ असा मागे होता आणि ४-३ असा निसटला होता. तो सामना ज्यांनी पाहिला नसेल, त्यांनी अवश्य पाहावा. माझ्या दृष्टीने संपूर्ण स्पर्धेतला तो सर्वोत्तम सामना होता. दोघांच्या बॅटींना गुळगुळीत रबरे, लपवण्यासारखे काहीच नाही, आणि तरीही सातव्या गेमपर्यंत कोण जिंकेल हे सांगता येत नव्हते.

भौतिकशास्त्र_शिकवते

पॅरिसचीच आणखी एक आठवण, खास ताईंच्या मुलीसाठी. लक्झेंबर्गच्या नी शियालियानने वयाच्या एकसष्टाव्या वर्षी एकेरीतला पहिला सामना जिंकला. शांघायमध्ये जन्मलेली ही खेळाडू १९८३ मध्ये चीनकडून जगज्जेती झाली होती. तिच्याही बॅटीला लांब दाणे आहेत. पुढच्या फेरीत सुन यिंगशाने तिला सहज हरवले, कारण सुनला ते दाणे वाचता येतात. आणि भारताच्या ज्या श्रीजा अकुलाने सुनविरुद्ध पहिले दोन गेम १०-१२, १०-१२ इतके जवळ नेले, ती काही जन्मतः चिनी खेळाडूंना वाचू शकत नव्हती. ते सरावाने आले.

पायावर_भर यांनी लांब दाण्यांनी पाय मरतात असे लिहिले आहे. तसे होऊ शकते, पण व्हायलाच हवे असे नाही. चीनच्या डंग यापिंगची उंची कमी म्हणून तिला लहानपणी प्रांताच्या संघातून नाकारले होते. तिच्या बॅकहँडला लांब दाणे होते आणि तरी टेबलावर तिच्याइतकी चपळ आक्रमक खेळाडू त्या काळी नव्हती. १९९२ आणि १९९६ ची ऑलिंपिक एकेरी तिने जिंकली.

विश्रामबागकरीण (धागाकर्ती)

सर्वांचे मनापासून आभार. इतक्या आपुलकीने आणि इतक्या तपशिलात कुणी उत्तर देईल, असे वाटले नव्हते.

काल संध्याकाळी आम्ही नेहमीच्या हॉलमध्ये गेलो. २०१९ च्या महापुरात तिथल्या एका टेबलाच्या कोपऱ्याचा प्लाय फुगला होता, तिथे चेंडू आजही कमी उसळतो, पण दुसरे टेबल रिकामे नव्हते. मुलीला चाकाचे उदाहरण सांगितले. तिने ते लगेच वहीत काढले, बाण दाखवून. मग म्हणाली, "आई, म्हणजे मी माझ्याच स्पिनला घाबरत होते." मी तिला तसे काही सुचवले नव्हते.

अडचण एकच आहे. सरावाला लांब दाण्यांची बॅट असलेले कुणी आमच्या हॉलमध्ये नाही. त्याशिवाय हे सगळे वहीतच राहील.

पायावर_भर

ताई, माझ्याकडे अशी एक बॅट आहे. मी वर ज्या मुलांबद्दल लिहिले, त्यांच्यापैकी एकाची. खेळ सोडताना तो ती माझ्याकडे ठेवून गेला. दाणे थोडे झिजले आहेत, दोन-तीन तुटलेही आहेत, त्यामुळे स्पर्धेत चालणार नाही, पण सरावाला उत्तम आहे. रविवारी सकाळी आठ वाजता मी आपल्या हॉलमध्ये येईन. अर्धा तास मी त्या बॅटीने ब्लॉक करेन आणि तिने सलग टॉपस्पिन मारावेत. नंतर अर्धा तास ती बॅट तिने हातात धरावी आणि मी मारेन. दाणे आतून काय करतात, हे स्वतः धरल्याशिवाय कळत नाही.

विश्रामबागकरीण (धागाकर्ती)

नक्की येतो, सर. आठला पाच मिनिटे आधीच येतो, म्हणजे फुगलेल्या कोपऱ्याचे टेबल दुसऱ्या कुणाला जाईल. आणि सुरुवात करण्याआधी ती तुमची बॅट बघायला मागणार आहे, हे आजच सांगून ठेवते.

कृष्णाकाठ

तुमची परवानगी असेल तर मीही येऊन बसेन. मला आवाज ऐकायचा आहे.

विश्रामबागकरीण (धागाकर्ती)

काका, परवानगी कसली, तुम्ही याच. खिडकीजवळची खुर्ची तुमच्यासाठी ठेवते, तिथून दोन्ही बाजूंचे ऐकू येते.